तीन दिवसांत दुसरा बॉम्ब कशाला?

संपादक साहेब,
अमेरिकेने जपानवर अणुबॉम्ब टाकला म्हणून दुसरं महायुद्ध थांबलं, नाहीतर लाखो सैनिक मेले असते, हे आमच्या धरमपेठेत चहाच्या टपरीवर पण लोक ठासून सांगतात. बरं, हिरोशिमाचं एकवेळ मान्य केलं, पण 6 ऑगस्ट 1945 नंतर लगेच 9 तारखेला नागासाकी कशाला? 8 तारखेला रशियानेही युद्ध पुकारलं होतं, म्हणजे जपान तसाही कोंडीत सापडलाच होता नं, मग थोडं थांबायला काय झालं होतं? अन् खरं टार्गेट तर जपानचंच कोकुरा शहर होतं, तिथे धूर-ढगामुळे खालचं दिसेना म्हणून विमान नागासाकीकडे वळलं! जपानी सैन्याने चीनमध्ये भयंकर अत्याचार केले, खरंय, पण त्याचा हिशोब नागासाकीच्या शाळकरी पोरांकडून वसूल करायचा?

- एक वाचक, धरमपेठ, नागपूर