विश्वाचे वय आणि घाईचा निष्कर्ष

रविवारच्या पुरवणीतील विश्वाच्या वयाविषयीचा लेख वाचला. विश्वाच्या प्रसरणाचा वेग दोन पद्धतींनी वेगवेगळा येतो, म्हणून विश्वाच्या वयाचा १३८० कोटी वर्षे हा आकडाच निकालात निघाला, हा त्यातील निष्कर्ष घाईचा वाटतो. विश्वाच्या बाल्यावस्थेतील प्रकाशाचे अवशेष टिपणाऱ्या प्लँक उपग्रहाच्या नोंदींवरून हा वेग दर मेगापार्सेकला (म्हणजे सुमारे ३३ लाख प्रकाशवर्षांच्या अंतराला) सेकंदाला सुमारे ६७ किलोमीटर येतो; सेफीड तारे (ठरावीक काळाने तेज कमीजास्त होणारे, अंतरे मोजायला उपयोगी पडणारे तारे) आणि अतिनवतारे म्हणजे स्फोट पावणारे तारे यांवरून सुमारे ७३. फरक जेमतेम नऊ टक्क्यांचा. १९२९ मध्ये खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांचा याच वेगाचा आकडा ५०० च्या आसपास होता! वेग जास्त तर वय कमी; त्या हिशेबाने विश्व अवघे २०० कोटी वर्षांचे, म्हणजे पृथ्वीवरच्या जुन्या खडकांहूनही लहान ठरत होते. लेक आईपेक्षा मोठी. प्रसरणाची कल्पना मात्र चुकली नव्हती, चुकली होती अंतरे. सेफीड तारे दोन प्रकारचे असतात हे खगोलशास्त्रज्ञ वॉल्टर बाडे यांनी १९५२ मध्ये जाहीर केले आणि दीर्घिकांची अंतरे एका फटक्यात जवळपास दुप्पट झाली, वयही. शिवाय वय केवळ आजच्या वेगावरून निघत नाही. पूर्वी तो कसकसा बदलत गेला, हेही हिशेबात धरावे लागते. लेखात त्याचा उल्लेखच नाही.

– एक वाचक