धर्म कोणी बदलला? कोणीच नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला मुस्लिम-कॅथलिक विवाहांवरचा लेख वाचला. लेखकाने मेहनत घेतली असेल, पण त्यातल्या एका वाक्याने आमच्या घरात काल दिवसभर रडारड झाली. ‘अशा लग्नात दोघांपैकी एकाला धर्मांतर करावेच लागते,’ हे ते वाक्य. माझ्या धाकट्या बहिणीने ते कात्रीने कापलं आणि लेकीच्या पुढ्यात ठेवलं. माझी ही भाची एका मुस्लिम मुलाशी लग्न करते आहे. धर्म कोणीही बदलत नाहीये, हे आईला पटवायला तिला सहा महिने लागले होते. तुमच्या एका वाक्याने सगळं मुसळ केरात गेलं.

मी कॅथलिक, माझे पती मुस्लिम. लग्नाला 27 वर्षं झाली. मी अजून कॅथलिक आहे, ते अजून मुस्लिम आहेत. आम्हाला कोणी एका शब्दाने विचारलं असतं, तर हे वाक्य छापायची वेळ आली नसती.

1954 चा विशेष विवाह कायदा धर्म बदलायला सांगत नाही. विवाह नोंदणी कार्यालयात लग्नाची नोटीस द्यायची, 30 दिवस थांबायचं, मग तीन साक्षीदारांसमोर सह्या. त्या 30 दिवसांत आक्षेप कोणीही घेऊ शकतो, पण आक्षेपाची कारणं ठरलेली आहेत : वय पूर्ण नसणं, पहिला जोडीदार हयात असणं, मनःस्वास्थ्य ठीक नसणं, निषिद्ध नातं. ‘मुलगा आमच्या धर्मातला नाही’ हे कारण त्यात नाही. ‘आईवडिलांना पसंत नाही’ हेही नाही. हे तुमच्या लेखात एका चौकटीत आलं असतं तर कितीतरी घरांचं भलं झालं असतं.

अडचणी नाहीत असं मी म्हणत नाही. त्या कुठे असतात ते सांगते. माझा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला होता, म्हणून नोटिशीची प्रत तिकडच्या कार्यालयातही गेली आणि फलकावर लागली. तिसऱ्या दिवशी वडिलांच्या ओळखीचे एक गृहस्थ घरी आले. त्यांनी ती नोटीस लाइटबिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर निळ्या बॉलपेनने उतरवून आणली होती. माझं नाव, वय, पत्ता, माझ्या होणाऱ्या पतींचं नाव, वय, पत्ता. एकही चूक नाही. वडिलांना मी स्वतः सांगणार होते, त्या रविवारी चर्चमधली मिस्सा (प्रार्थनाविधी) झाल्यावर. ती संधी त्या माणसाने घेतली. वडील काही बोलले नाहीत, पण तो कागद किती तरी दिवस त्यांच्या शर्टाच्या खिशात होता. आई कपडे धुताना काढून ठेवायची आणि ते तो परत खिशात घालायचे.

नोटीस घरच्या पत्त्यावर पाठवायला कायद्यात आधार नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 मध्ये सांगितलं. नोटीस जाहीर करायची की नाही हे जोडप्याच्या इच्छेवर सोडावं, असं अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी 2021 मध्ये म्हटलं. तरी फलक तिथेच आहे आणि नोटीस-वही कुणालाही फुकट पाहता येते. दोन हिंदू किंवा दोन मुस्लिम आपापल्या रीतीने लग्न करतात, तेव्हा त्यांना महिनाभर असं टांगलं जात नाही. आम्हीच काय पाप केलं होतं?

आता धर्माचं. मला चर्चमध्येही लग्न हवं होतं, कारण त्याशिवाय आमच्या चर्चच्या दृष्टीने माझं लग्नच झालं नसतं आणि मला कम्युनियन, म्हणजे मिस्सेतला प्रसाद, घेता आलं नसतं. बाप्तिस्मा न झालेल्या माणसाशी लग्न करायचं तर बिशपांचं डिस्पेन्सेशन, म्हणजे खास सूट, लागतं. त्यासाठी मी वचन द्यायचं : माझी श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांचा बाप्तिस्मा व्हावा, ती कॅथलिक म्हणून वाढावीत, यासाठी मला शक्य ते सगळं करीन. हे लिहून देताना माझा हात थरथरला. शेजारी बसलेल्या माणसाचा धर्मही मुलांबाबत तीच अपेक्षा ठेवतो, हे मला ठाऊक होतं.

फादर चांगले होते. पण त्यांना मध्येच कुणीतरी बोलावलं आणि ते बाहेर गेले. तेवढ्यात कचेरीतल्या माणसाने तोच कागद माझ्या पतींपुढे सरकवला आणि हातात पेन दिलं. त्यांनी कागद दोनदा वाचला. मग विचारलं, “हे वचन तिचं आहे ना? मग मी कसली सही करू?” तो म्हणाला, “सगळे करतात.” त्यांनी सही केली. माझ्यासाठी केली. बाहेर आल्यावर बस येईपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

पुष्कळ वर्षांनी कळलं की ती सही लागतच नव्हती. पूर्वी दोघांकडून हमी घेत. 1970 मध्ये पोप पॉल सहावे यांनी ते बदललं, आणि 1983 च्या कॅनन लॉप्रमाणेही, म्हणजे चर्चच्या कायद्याप्रमाणेही, वचन फक्त कॅथलिक जोडीदाराचं. दुसऱ्याला त्याची माहिती द्यायची, बस्स. तो सल आमच्या दोघांच्या मनात अजून आहे. मुलांचं आम्ही काय ठरवलं ते आमच्या घरातलं आहे, इथे लिहिणार नाही.

निकाहचंही असंच. ग्रंथधारक स्त्रीशी, म्हणजे ख्रिस्ती किंवा यहुदी स्त्रीशी, मुस्लिम पुरुषाला निकाह करता येतो. कुराणाच्या पाचव्या सूरेत तशी परवानगी आहे. माझ्या सासऱ्यांना हे पाठ होतं. काझीसाहेब मात्र ‘आधी कलमा पढवा’, म्हणजे आधी मुस्लिम करा, यावर अडले. शिवाय 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे दोघांपैकी एक जरी ख्रिस्ती असला, तरी नुसत्या निकाहने ते लग्न कायद्यात टिकत नाही, हे वकिलांनी सांगितलं. मुलगी मुस्लिम आणि मुलगा कॅथलिक असेल तर वाट आणखी अवघड. परंपरेने मुस्लिम स्त्रीला बिगरमुस्लिमाशी निकाहच नाही, आणि व्यक्तिगत, म्हणजे ज्याच्या त्याच्या धर्माच्या, कायद्याला नामंजूर असलेलं लग्न 1872 चा कायदाही वैध ठरवत नाही. त्यांना विशेष विवाह कायदा हाच भक्कम आधार. लेखात या जोडप्यांबद्दल अवाक्षर नाही.

आणखी एक. लेखासोबतचा फोटो. जोडप्याचे चेहरे धूसर केलेले, जसे तुम्ही आरोपींचे करता. त्यांनी तशी विनंती केली असेल तर माझं काही म्हणणं नाही. पण आमचा लग्नातला फोटो बाहेरच्या खोलीत भिंतीवर आहे आणि त्यात आमचे चेहरे स्वच्छ दिसतात.

भाचीची नोटीस सध्या फलकावर आहे. अजून 11 दिवस आहेत आणि मध्ये एकच रविवार येतो. त्या रविवारी, त्याच पुरवणीत, त्याच जागी दुरुस्ती छापा, ही हात जोडून विनंती. माझी बहीण तीही कापून ठेवेल.

आपली नियमित वाचक
(नाव-पत्ता सोबत दिला आहे, कृपया छापू नये.)