वाद्यांच्या बिननावाच्या अ‍ॅडॉप्टरकडे लक्ष हवे

महोदय,

सुट्ट्या लागल्या की शहरात कीबोर्ड-गिटारचे वर्ग भरतात आणि त्यांच्यासोबत बिननावाचे स्वस्त अ‍ॅडॉप्टरही घरोघरी येतात. वाद्य वाजतेय म्हटल्यावर त्यांच्याकडे कोण बघतो?

खोट आत असते. 230 व्होल्टची बाजू आणि 9 व्होल्टची बाजू यांत सर्किटवर पाच-सहा मिलिमीटर अंतर लागते. नकली मालात ते बरेच कमी सापडते. दोन्ही बाजूंना जोडणारा कपॅसिटर ‘वाय’ वर्गाचाच हवा. तो बिघडला तरी शॉर्ट होऊ नये, अशीच त्याची बांधणी असते. त्याजागी साधा कपॅसिटर असला आणि तो शॉर्ट झाला, की घरची वीज पेडलमार्गे (गिटारचा आवाज बदलणारी, पायाने दाबायची डबी) गिटारच्या तारांवर येते, कारण तारा सर्किटच्या ‘ग्राउंड’ला, म्हणजे शून्य व्होल्टच्या बाजूला, जोडलेल्या असतात; जमिनीला नव्हे. अशा वेळी वाजवणाऱ्याचा ओठ अर्थिंग असलेल्या माइकला लागला तर जिवावरच बेतते. टेस्टर मंद पेटला म्हणून मात्र निष्कर्ष काढू नये. चांगल्या अ‍ॅडॉप्टरवरही तो पेटतो. इलेक्ट्रिशियनकडून 500 व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासायचे यंत्र) तपासून घ्यावे.

दुसरी गफलत पिनेची. गिटारच्या बहुतेक पेडलना 9 व्होल्ट आणि मधली पिन निगेटिव्ह लागते, तर अनेक कीबोर्डना 12 व्होल्ट आणि मधली पिन पॉझिटिव्ह. जाडी सारखी असली की प्लग बसतो, पण उलट जोडणीत पेडलमधला संरक्षक डायोड सगळा करंट स्वतःवर घेतो. ओव्हरलोड संरक्षण नसलेला अ‍ॅडॉप्टर मग वितळेपर्यंत तापतो. व्होल्ट आणि पिनेची खूण तंतोतंत जुळवावी. मिलिअ‍ॅम्पिअर जास्त चालतील, कमी नाहीत.

त्यात आपला नागपूरचा मे महिना! बहुतेक अ‍ॅडॉप्टर 40 अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. कूलरच्याच एक्स्टेंशन बोर्डावर, सतरंजीखाली दडपून ते चालवू नयेत. जळका वास आला तर आधी बोर्डाचे बटण किंवा एमसीबी बंद करावा, प्लग नंतर काढावा. पाणी तर अजिबात ओतू नये. घरात 30 मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, असेल तर उत्तमच.

अ‍ॅडॉप्टरवर ‘आर’ अक्षर आणि पुढे आठ आकडी नोंदणी क्रमांक बंधनकारक आहे. भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तो पडताळता येतो. क्रमांक खोटाही छापतात, म्हणून पडताळणे आलेच. ब्युरोचे शाखा कार्यालय नागपुरातच आहे. त्यांनी मोबाइल चार्जरसोबत वाद्यांच्या दुकानांतले अ‍ॅडॉप्टरही तपासावेत.

– एक वाद्यदुरुस्ती कारागीर, नागपूर