ब्रुनोला देऊन टाकण्याआधी

पुणे,
12 जुलै

प्रिय सुहास,

तुझं पत्र वाचून जीव कळवळला. रात्रभर नाक चोंदलेलं, डोळे चोळून लाल, आणि वरून घरचे सगळे म्हणतायत की हे कुत्र्यामुळेच होतंय, ब्रुनोला कुणाला तरी देऊन टाक. घाईनं काही ठरवू नकोस. आमची कुत्री राणी ल्हासा ॲप्सो जातीची, केस पार जमिनीला टेकणारे, आणि मला कुत्र्याची ॲलर्जी. तरी आम्ही एका घरात नीट राहतोय.

काकू म्हणतात तसे ब्रुनोचे केस भादरून काही होणार नाही. त्रास होतो तो लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांचा. केस गेले तरी ती राहणारच. आणि कुत्रा घराबाहेर गेला तरी गाद्या-सोफ्यांतून ती कित्येक महिने जात नाहीत, हेही घरच्यांना सांग.

आमच्याकडे खरा गुण आला तो बेडरूमचं दार बंद ठेवल्यानं. दिवसासुद्धा. राणी माझ्या पायाशी झोपायची, त्यामुळे सुरुवातीला ती बाहेर कण्हायची आणि मला आत झोप लागायची नाही. मग तिची गादी दाराला लागूनच टाकली, तेव्हा शांत झाली. गालिचा काढला, चादरी-अभ्रे दर आठवड्याला गरम पाण्यात. झाडूनं कोंडा उडतो, म्हणून लादी ओल्या फडक्यानंच पुसतो. हवा गाळणारं हेपा फिल्टरचं यंत्रही उशाशी चालू असतं.

विंचरणं मात्र मंजूकडे. रोज संध्याकाळी गॅलरीत बसते. कानामागचा आणि बगलेतला गुंता आधी बोटांनी सोडवते, मग कंगवा. आंघोळीनं फरक पडतो, पण थोड्याच दिवसांत पुन्हा पहिल्यासारखं होतं.

नाकातला स्टेरॉइडचा फवारा डॉक्टरांनी दिला असेल तर रोज घे, शिंका आल्यावरच नको; त्याचा पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे जातात. डाव्या नाकपुडीत उजव्या हातानं मार, टोक मधल्या पडद्याकडे न रोखता बाहेरच्या बाजूला. नाहीतर घोळणा फुटतो.

आणि आधी ॲलर्जी नक्की कशाची आहे, याची चाचणी करून घे. पावसाळ्यात धुळीतले किडे नि बुरशीही वाढते, दोष भलत्याच्याच माथी नको. त्वचेवरच्या चाचणीआधी सेटिरिझिनसारख्या ॲलर्जीच्या गोळ्या काही दिवस बंद ठेवाव्या लागतात, ते डॉक्टरांना विचार. कॅन एफ 5 नावाचं एक प्रथिन नराच्याच प्रोस्टेट ग्रंथीत तयार होतं. तुला फक्त त्याचीच ॲलर्जी निघाली, तर ब्रुनोची नसबंदी केल्यानंही त्रास कमी होऊ शकतो.

एक मात्र कळकळीनं सांगतो. छातीत घरघर, धाप लागणं असलं काही असेल तर अंगावर काढू नकोस. तेव्हा डॉक्टर म्हणतील ते ऐकायचं, कुत्रा दूर ठेवा म्हणाले तरी.

रविवारी आम्ही दोघं येतो. गालिचे उचलायला तुला हात लागेलच, आणि ब्रुनोला मंजू विंचरेल.

तुझा,
अविनाश