अनामिक प्रॉक्सीच्या वापराबाबत सभासदांना सूचना

मंडळाच्या इंदूर येथील वाचनालयातील संगणकांवर काही सभासद मोफत अनामिक प्रॉक्सीमार्फत (म्हणजे आपली ओळख लपवून संकेतस्थळे उघडून देणाऱ्या मध्यस्थ संगणकामार्फत) संकेतस्थळे उघडत असल्याचे आढळले आहे. प्रॉक्सीमुळे आपला आयपी पत्ता (इंटरनेटवरील आपल्या जोडणीचा क्रमांक) समोरच्या संकेतस्थळापासून लपतो हे खरे, परंतु प्रॉक्सी चालवणाऱ्यापासून तो लपत नाही. उलट, ज्या प्रॉक्सीच्या पानावरच संकेतस्थळाचा पत्ता टाइप करून ते उघडावे लागते, तेथे एचटीटीपीएसचे कुलूप (जोडणी सुरक्षित असल्याची खूण) दिसत असले तरी आपला पासवर्ड आणि ओटीपी त्या अनोळखी माणसाला वाचता येतो. प्रॉक्सीने सुरक्षा प्रमाणपत्र (कोणावर विश्वास ठेवायचा हे संगणकाला सांगणारी फाइल) बसवण्यास सांगितल्यास ते कदापि बसवू नये. या मार्गाने बँकेचे व्यवहार केलेल्यांनी पासवर्ड आजच घरून बदलावा, आणि पैसे गेले असल्यास संकोच न बाळगता तत्काळ १९३० या राष्ट्रीय सायबर गुन्हे मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. ज्येष्ठ सभासदांना यात आम्ही आवर्जून मदत करू.

— कार्यवाह