कानांच्या शस्त्रक्रियेविषयी

चि. मिहिर यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पुढे आलेल्या कानांची शस्त्रक्रिया करून घेण्याचा विचार तू कळवलास, त्याला आमचा दोघांचाही विरोध नाही. मुलग्याने दिसण्याचा एवढा विचार कशाला करावा, असे आत्या म्हणतील; परंतु शाळेतली चिडवाचिडवी तू सोसली आहेस, त्यांनी नाही. शिवाय हे अलीकडचे खूळही नव्हे, न्यूयॉर्कमध्ये डॉ. ईली यांनी अशी शस्त्रक्रिया १८८१ मध्ये केली होती.

पाच-सहा वर्षांपर्यंत कानाची बहुतेक वाढ होऊन जाते, म्हणून लहान मुलांवर ती साधारणपणे त्यानंतर करतात. त्या वयात डॉक्टरांनी विचारले तेव्हा तू नको म्हणालास, आणि मुलाला स्वतःला नको असताना केवळ आईवडिलांच्या हौसेसाठी निरोगी कानाला सुरी लावू नये, हे माझे मत आजही कायम आहे. आता इच्छा तुझी आहे.

कानाच्या वरच्या भागातली आतली घडी पुरेशी पडलेली नसते किंवा भोकाभोवतीची वाटी जास्त खोल असते, म्हणून कान पुढे येतो. पुष्कळांमध्ये दोन्ही असते. घडी नसेल तर कूर्चेत टाके घालून ती पाडतात, आणि वाटी खोल असेल तर तिला मागच्या हाडावरील आवरणाशी टाके घालून मागे बसवतात. तुझ्या बाबतीत नेमके काय आहे, हे आधी विचारून घे. छेद कानामागे असतो, ऐकण्यावर परिणाम होत नाही, आणि मोठ्या माणसांना बहुधा जागेवरची भूल पुरते. दोन्ही कान तंतोतंत सारखे होतील अशी अपेक्षा मात्र ठेवू नकोस. ते मुळात कोणाचेच नसतात.

शस्त्रक्रियाविभागात परिचारिका म्हणून काम केले असल्याने एक आग्रहाने सांगते. पट्टीखाली एकाच कानात वाढत जाणारी कळ येऊ लागली तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना फोन कर, कारण आत रक्त साकळले असेल तर ते ताबडतोब काढावे लागते. तुझ्या दंडावरचा बीसीजीचा वण जाड होऊन वर आलेला आहे, तोही त्यांना दाखव. कानामागेही तसा वण येण्याची शक्यता त्यांना आधी कळायला हवी. प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पदवी असलेल्या डॉक्टरांकडेच जा.

डोक्याची पट्टी साधारण आठवडाभर राहील, आणि पुढे काही आठवडे रात्री झोपताना रुंद पट्टा बांधावा लागेल. हेल्मेट चढवता-उतरवताना कान दुमडून टाके ओढले जातात आणि हेल्मेटशिवाय गाडी चालवणे मला मुळीच मान्य नाही, म्हणून डॉक्टर परवानगी देईपर्यंत कॉलेजला बसनेच जा. तारीख ठरली की कळव. मी आठवडाभर पुण्याला येऊन राहीन.

तुझी,
आई