गॅरेजमधलं बर्फाचं पाणी दाराखालून ढकलू नका

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मिनेसोटा, मिशिगन, ओंटारिओ या भागांत बरीच मराठी कुटुंबं आता स्वतःच्या घरात राहतात आणि गाडी घराला जोडलेल्या गॅरेजमध्ये लावतात. घर घेताना छप्पर, तळघर, घर गरम ठेवणारी भट्टी नीट तपासली जाते. गॅरेजच्या जमिनीकडे मात्र काँक्रीटचे पापुद्रे सुटू लागल्यावरच लक्ष जातं. थंडी पडायच्या आत काही गोष्टी वाचकांपर्यंत पोहोचाव्यात म्हणून हे पत्र.

दहा सेंटीमीटर ताज्या बर्फाचं साधारण एक सेंटीमीटर पाणी होतं. गाडीचं छत, बॉनेट, डिकी मिळून ५-६ चौरस मीटर धरलं, तर एका बर्फवृष्टीत ५०-६० लिटर पाणी आपण आत आणतो. हा बर्फ बाहेरच झाडावा. चाकांवरच्या कमानीत अडकलेला करडा चिखल तर आधी पाडावा, कारण बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ त्यात असतं. इंजिन चालू ठेवून गॅरेजमध्ये बर्फ वितळवण्याचा विचारही करू नये. दार उघडं असलं तरी कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो.

नुकसान निव्वळ पाण्यानं होत नाही. काँक्रीटच्या छिद्रांत मुरलेलं पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, आणि मिठामुळे काँक्रीट जास्त ओलं राहतं. साधं मीठ शून्याखाली ९ अंश सेल्सियसच्या पलीकडे बर्फ फारसा वितळवत नाही, म्हणून रस्त्यांवर कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइडही टाकतात. ही दोन्ही हवेतला ओलावा ओढून घेतात, त्यामुळे जमीन वाळतच नाही. शिवाय सिमेंटमधल्या चुन्याशी त्यांची क्रिया होऊन फुगणारे क्षार बनतात आणि सांध्यांच्या कडा ढासळतात. म्हणूनच गॅरेजच्या आत मीठ कधीच टाकू नये. पाय घसरत असेल तर वाळू टाका.

कडा उंच असलेल्या व्हिनाइलच्या चटया मिळतात. साडेसात फूट बाय अठरा फुटांची, सव्वा इंच काठाची चटई सपाट जमिनीवर ३०० लिटरहून जास्त पाणी धरेल. पण गॅरेजला दाराकडे फुटाला साधारण एक अष्टमांश इंच उतार असतो. सगळं पाणी दाराच्या बाजूला साचतं, आणि ते मागे जेमतेम दहा फूट पसरेपर्यंत दाराकडचा काठ भरून जातो. प्रत्यक्षात मावतं जेमतेम ११० लिटर, म्हणजे दोन बर्फवृष्ट्यांचं पाणी. चटई घेताना जाहिरातीतला आकडा न बघता काठाची उंची बघा.

साचलेलं पाणी वायपरनं बाहेर लोटायची आपली सवय इथं महागात पडते. आपल्याकडे अंगणात लोटलेलं पाणी उन्हानं वाळतं; इथं ते उंबऱ्याशी गोठतं, दाराखालची रबरी पट्टी त्यात चिकटते आणि मोटरनं दार ओढलं की फाटते. त्याऐवजी १२ गॅलनचा वेट-ड्राय व्हॅक्यूम (पाणीही ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर) घ्या. पाणी ओढण्याआधी कागदी फिल्टर काढून फोमची बाही चढवा. पूर्ण भरला तर नुसत्या पाण्याचंच वजन ४५ किलो होतं, तेव्हा अर्ध्यावरच रिकामा करा. हे पाणी हिरवळीवर, झाडांच्या मुळाशी किंवा रस्त्याकडेच्या गटारात ओतू नका. ते गटार बहुधा थेट तळ्यात जातं. मिनेसोटाच्या प्रदूषण नियंत्रण संस्थेच्या मते चमचाभर मीठ पाच गॅलन पाणी कायमचं बिघडवतं. कपडे धुण्याच्या सिंकमध्ये ओतायचं असेल तर आधी गावाचा नियम विचारा.

इपॉक्सीचा (वाळून कडक होणाऱ्या राळेचा) चकचकीत थर बरेच जण पहिल्याच वर्षी लावून घेतात. आमच्या मते घाई नको. खालून ओल येत असेल तर तो पोपडे धरतो, आणि ओला झाला की त्यावरून पाय घसरतो. आधी १८ इंच चौरस प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीनं लावून किमान १६ तास ठेवा. खाली दव दिसलं किंवा काँक्रीट काळसर पडलं तर इपॉक्सी नको. बहुतेकांना आत मुरून पाणी अडवणारं सिलेन-सिलोक्सेन सीलर पुरतं. उन्हाळ्यात मीठ धुऊन जमीन पूर्ण वाळू द्यावी आणि तापमान १० अंशांच्या वर असतानाच ते लावावं. पाण्याचा थेंब टाकल्यावर जागा काही मिनिटांत गडद झाली, की पुन्हा लावायची वेळ आली असं समजावं.

दाराच्या पट्टीला थंडीआधी सिलिकॉन स्प्रे मारावा. तरीही ती गोठलीच, तर बटण दाबत राहू नये आणि गरम पाणीही ओतू नये. हेअर ड्रायरनं सावकाश सोडवून खालची जागा लगेच कोरडी करावी.

आपला,
एक वाचक, मिनियापोलिस